सोडियम कमी का होतं? अ‍ॅडिसनपासून घोणस सापापर्यंतची एक गोष्ट



"डॉक्टर, रिपोर्टमध्ये सोडियम कमी आलंय. मग आता मीठ जास्त खायचं का?"

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. सोडियम म्हणजे मीठ, ते कमी झालं म्हणजे वरून टाका, हे सरळ गणित वाटतं. पण घरातलं वरण आठवून पहा. वरण अळणी लागलं की दोनच कारणं असतात. एक तर मीठ कमी पडलं, नाही तर पाहुणे वाढले म्हणून वरणात तांब्याभर पाणी ओतलं. चव दोन्हींत सारखीच, कारण मात्र वेगळं. रक्ताचंही तसंच आहे. रिपोर्टवरचा आकडा शरीरात एकूण मीठ किती हे सांगत नाही. ठरावीक पाण्यात मीठ किती एवढंच सांगतो. तो साधारण १३५ ते १४५ च्या मध्ये असावा लागतो. आणि तो खाली येतो तेव्हा बऱ्याच वेळा मीठ गेलेलं नसतं, पाणी साठलेलं असतं.

हे पाणी कोण साठवतं, मीठ कोण धरून ठेवतं, आणि हे माणसाला कळलं कसं, याची आज गोष्ट सांगतो. ती लंडन, ग्लासगो आणि रंगून फिरून आपल्या पऱ्हाटीच्या वावरात येते. पण सुरुवात माझ्याच दवाखान्यातून करतो, कारण ही गोष्ट मला एका बाईंनी शिकवली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

चाळिशीच्या आसपासच्या या बाई पैनगंगेकाठच्या एका गावातल्या. तक्रार एकच, अशक्तपणा. अधूनमधून उलट्या, चक्कर, बीपी लो. दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी दवाखान्यात नेऊन सलाईन लावायचं, दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा सोडियम ११८ होतं. मीही सलाईन लावलं, आकडा थोडा वर आला, "जेवणात मीठ नीट घ्या" असं सांगून घरी पाठवलं. तेव्हा मी काही जास्त विचारलं नाही. ओपीडीची रांग दाराबाहेर होती, हे खरं असलं तरी ते कारण म्हणून पुरत नाही.

दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या, या वेळी अर्धवट शुद्धीत. सोडियम ११२. मे महिना, बाहेर आग ओतत होती आणि बाईंच्या अंगावर शाल. नवरा म्हणाला, "तिला बाराही महिने थंडी वाजते, साहेब." मग मात्र मी खुर्ची ओढून बसलो आणि पहिल्यापासून विचारायला लागलो. पाळी? बंद झाली, आठ-नऊ वर्षं झाली. म्हणजे तिशी नुकतीच ओलांडली होती तेव्हा. एवढ्या लवकर कशी? नवऱ्यानं सहज सांगितलं, "साप चावला ना, तेव्हापासून." पायाच्या घोट्यावर जुना व्रण होता. कापूस वेचताना घोणस चावली होती. हिरड्यांतून रक्त आलं, लघवी बंद झाली, डायलिसिस करावं लागलं. बाई वाचल्या. सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि तो विषय तिथेच संपला असं धरलं.

तो संपला नव्हता. पण ते कळायला मागे जावं लागेल.

आपल्या चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले. त्यांत एक आहे उदकमेह. लघवी पाण्यासारखी स्वच्छ, थंड, वास नसलेली आणि भरपूर. मधुमेह वेगळा आणि हा वेगळा, हे त्यांना निरीक्षणावरून कळलं होतं. युरोपात हा फरक नीट मांडला गेला १७९४ मध्ये, योहान पीटर फ्रँक यांच्याकडून. एका रुग्णाच्या लघवीला गोड चव, दुसऱ्याच्या लघवीला चवच नाही. त्या दुसऱ्याला डायबेटीस इन्सिपिडस म्हणायला लागले. (होय, त्या काळी डॉक्टर लघवी चाखून पाहत. आमच्या पिढीचं नशीब चांगलं.) पण हे का होतं, याचं उत्तर पुढे शंभर वर्षं कुणाकडेच नव्हतं.

दुसरा धागा सुरू झाला लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये. तिथले थॉमस अ‍ॅडिसन हे अबोल, उदास स्वभावाचे डॉक्टर. त्यांच्याकडे काही रुग्ण असे यायचे की ज्यांना हळूहळू अशक्तपणा येई, वजन घटे, भूक जाई, नाडी मंद लागे आणि कातडी काळवंडत जाई. मृत्यूनंतर शरीर उघडून पाहिलं की दोन्ही किडनींवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी खराब झालेल्या सापडत. १८५५ मध्ये त्यांनी अशा अकरा रुग्णांची हकिकत पुस्तकरूपानं छापली. बऱ्याच जणांच्या त्या ग्रंथी क्षयरोगानं पोखरल्या होत्या. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांच्या ॲड्रिनल ग्रंथी काढून टाकल्या तर ते मरतात हे दाखवलं. म्हणजे कुणी ज्यांच्याकडे ढुंकून पाहत नव्हतं, त्या बोटाच्या पेराएवढ्या ग्रंथींशिवाय जगता येत नव्हतं.

अ‍ॅडिसनचा आजार आजही आहे. आपल्याकडे त्यामागे क्षयरोग आहे का हे आवर्जून पाहावं लागतं. आपल्या सावळ्या कातडीवर काळवंडणं चटकन दिसत नाही, म्हणून आम्ही तळहाताच्या रेषा, हिरड्या, बोटांचे सांधे आणि जुने व्रण पाहतो. डॉक्टर तुमचे ओठ उलटून पाहायला लागले तर दचकू नका.

पण या रुग्णांचा जीव नेमका कशानं जात होता? उत्तर मिळायला पाऊणशे वर्षं लागली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट लोब यांनी अ‍ॅडिसनच्या रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा सोडियम घसरलेलं दिसलं. शरीर लघवीतून मीठ गमावत होतं. मीठ दिलं की रुग्ण काही काळ सावरत. एवढ्या साध्या गोष्टीनं मरणाच्या दारातला माणूस उठून बसे.

याच काळातली एक हकिकत मी विद्यार्थी असताना वाचली होती आणि ती अजून डोक्यातून गेलेली नाही. १९४० मध्ये अमेरिकेत विल्किन्स आणि रिश्टर यांनी ती छापली. साडेतीन वर्षांचा एक मुलगा. लहानपणापासून मिठासाठी वेडा. बिस्किटावरचं मीठ चाटायचा, बिस्किट टाकून द्यायचा. जे पहिले काही शब्द बोलायला शिकला त्यांत 'मीठ' हा एक होता. आईवडील त्याला मीठ देत राहिले आणि तो जगत राहिला. मग दुसऱ्याच एका तक्रारीच्या तपासणीसाठी त्याला दवाखान्यात ठेवलं. तिथे सगळ्यांना मिळतं ते नेहमीचं जेवण मिळालं, मिठाची वाटी नव्हती. सात दिवसांत मूल गेलं. त्याच्या ॲड्रिनल ग्रंथीत दोष होता, शरीर मीठ धरून ठेवूच शकत नव्हतं. लेकराला स्वतःचा इलाज कळला होता, मोठ्यांना कळला नाही. म्हणून एखादं मूल किंवा मोठा माणूस नुसतं मीठ खातो, लोणच्याचा खार पितो, आणि सोबत अशक्तपणा व वजन घटणं आहे, तर त्याला रागावू नका. दाखवायला आणा.

मीठ धरून ठेवणारं ते संप्रेरक, अल्डोस्टेरॉन, सापडलं १९५३ मध्ये. त्याआधी कॉर्टिसोन हाती आलं होतं आणि त्यावरच्या कामाबद्दल केंडल, राइशस्टाइन आणि हेंच यांना १९५० चं नोबेल मिळालं. त्याच गोळ्यांच्या आधारावर अ‍ॅडिसनचा आजार असलेले जॉन केनेडी पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

हे झालं मिठाचं. पाण्याचा हिशेब ठेवणारा कारकून वेगळा आहे. तो बसतो मेंदूच्या तळाशी. तिथे मटाराच्या दाण्याएवढी पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी लोंबकळत असते. १९१३ मध्ये जर्मनीत फॉन डेन वेल्डेन आणि इटलीत फारिनी या दोघांनी वेगवेगळं काम करून दाखवलं की या ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क टोचला तर उदकमेहाच्या रुग्णाची लघवी कमी होते. म्हणजे तिथून काहीतरी निघतं आणि ते किडनीला सांगतं, "पाणी जाऊ देऊ नको." त्यालाच आपण एडीएच किंवा व्हॅसोप्रेसिन म्हणतो. व्हिन्सेंट दु विनो यांनी १९५० च्या दशकात त्याची रचना उलगडून ते प्रयोगशाळेत तयार केलं, १९५५ चं नोबेल त्यांना मिळालं. रक्त किंचित घट्ट झालं की हे संप्रेरक सुटतं, आणि तहानही लागते. भरपूर पाणी प्यायलात की ते थांबतं आणि लघवी मोकळी होते. वावरात दुपारभर राबून आलात की लघवी पिवळी आणि थोडी होते ती याच्याच हुकमानं.

हा कारकून संपावर गेला तर दिवसाला दहा-दहा लिटर लघवी. तोच उदकमेह. पण तो थांबायलाच तयार नसेल तर? पाणी साठत जातं आणि वरण अळणी होतं. १९५७ मध्ये श्वार्ट्झ, बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे दोन रुग्ण मांडले. दोघांचं सोडियम खाली, तरी लघवीतून मीठ जातच होतं. किडनी ठीक, ॲड्रिनल ठीक. त्यांनी तर्क केला की शरीराला गरज नसताना एडीएच सुटतं आहे. पुढे तो खरा ठरला. आज याला एसआयएडीएच म्हणतात. न्यूमोनिया, फुप्फुसाचा क्षय, मेंदूज्वर, मेंदूला मार, फिट्सची कार्बामॅझेपिन आणि नैराश्याची काही औषधं, अशी त्याची कारणं आहेत. इथे मुख्य इलाज असतो पाणी मोजून पिणं. अशा आजोबांना नातवानं प्रेमानं "आजोबा, पाणी जास्त प्या" म्हणून ग्लासवर ग्लास पाजले तर आकडा आणखी घसरतो. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये भरपूर पाणी प्या हा सल्ला लाखमोलाचा आहे, मीही तो देतो. फक्त सोडियम कमी आल्याचा रिपोर्ट हातात असेल तर पाणी किती प्यायचं हे आधी विचारून घ्या.

आता आपल्या बाईंकडे येऊ. त्यांच्या पायाला साप चावला होता. मग बिघडलं कुठे?

यासाठी ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयात जावं लागतं. तिथे हॅरल्ड शीहान हे पॅथॉलॉजीचे डॉक्टर बाळंतपणात दगावलेल्या बायकांची शवविच्छेदनं करत. १९३७ मध्ये त्यांनी लिहिलं की बाळंतपणात खूप रक्तस्राव होऊन बीपी कोसळलेल्या बायकांच्या पिट्युटरीचा पुढचा भाग मेलेला आढळतो. गरोदरपणात ही ग्रंथी फुगून मोठी होते, तिला रक्त जास्त लागतं, आणि तिचा रक्तपुरवठा मुळातच कमी दाबाचा असतो. दाब आणखी कोसळला की कालव्याच्या शेवटच्या वावरासारखी ती आधी सुकते. ज्या बायका वाचतात त्यांना दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही, काखेतले केस गळतात, थंडी सहन होत नाही, कायम थकवा राहतो. तोच शीहान सिंड्रोम. श्रीमंत देशांत तो आता क्वचित दिसतो. पण २००५ मध्ये काश्मीरमधल्या डॉ. झरगर आणि सहकाऱ्यांनी घरोघरी पाहणी करून छापलं की तिथल्या बाळंतपण झालेल्या, वीस वर्षांवरच्या बायकांत सुमारे तीन टक्क्यांना तो असावा. त्यांतल्या बऱ्याच जणींचं बाळंतपण घरी झालं होतं. आपल्याकडच्या आजच्या साठी-सत्तरीतल्या कितीतरी आजींची बाळंतपणं घरीच, सुईणीच्या हातून झाली आहेत. "धाकट्याच्या वेळी खूप अंगावरून गेलं, तेव्हापासून तब्येतच गेली" हे वाक्य कानावर आलं की माझे कान आता टवकारतात.

सापाचं विष हेच काम वेगळ्या वाटेनं करतं, आणि तेही पुरुष-बाई असा भेद न करता. घोणस, जिला आपल्याकडे काही भागात परड म्हणतात, तिला इंग्रजीत रसेल यांचं नाव मिळालं ते पॅट्रिक रसेल या स्कॉटिश डॉक्टरमुळे. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचं त्यांचं पुस्तक १७९६ चं. या सापाच्या विषात रक्त गोठवणारे पदार्थ असतात, इतके प्रभावी की १९३४ मध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी हेच विष विरळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांची जखम थांबवायला वापरलं होतं. आजही रक्त गोठण्याच्या एका तपासणीत प्रयोगशाळेत हे विष लागतं. शरीरात मात्र ते बारीक बारीक गुठळ्या करत सुटतं. त्यात रक्त गोठवणारा सगळा साठा संपतो आणि मग रक्त गोठायचंच थांबतं. म्हणूनच साप चावलेल्या माणसाचं थोडं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. ते गोठलं नाही तर विष चढलं आहे. एका छोट्या बाटलीवर होणारी, आजही भरवशाची तपासणी. तर या गुठळ्या, रक्तस्राव आणि कोसळलेलं बीपी, या सगळ्यांत किडनी बसते आणि काही जणांत पिट्युटरीही.

हे जगासमोर ठळकपणे आलं ब्रह्मदेशातून. तिथल्या भातशेतीत घोणस भरपूर. १९८७ मध्ये तुन पे, डेव्हिड वॉरेल आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या नियतकालिकात लिहिलं की घोणस चावून वाचलेल्या शेतकऱ्यांमध्ये अगदी शीहान सिंड्रोमसारखी पिट्युटरी निकामी झालेली दिसते. काहींत लगेच, काहींत वर्षांनी. त्याआधी १९७६ मध्ये केरळच्या डॉ. इपेन यांनी आपल्या देशातले असे रुग्ण नोंदवले होते. पुढे दक्षिण भारतातून, कोलकात्यातून, चंदीगडहून अशी माहिती येत राहिली. एक गोष्ट वारंवार दिसते. ज्यांची किडनी चावल्यानंतर बंद पडली होती, त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवायला हवं.

आपण याकडे इतकी वर्षं का पाहिलं नाही? मला वाटतं, सापाच्या बाबतीत आपला सगळा हिशेब 'वाचला की गेला' एवढाच असतो. तो समजण्यासारखाही आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज आहे. अल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात प्रतिविष तयार केलं, पुढे आपल्याकडे कसौली आणि मुंबईच्या हाफकिनमध्ये ते घोड्यांच्या रक्तापासून बनू लागलं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस आली. त्या वायल वेळेवर मिळाल्या की माणूस वाचतो. मग डिस्चार्ज कार्ड घडी घालून पेटीत जातं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या एकेका रुग्णाची खेड्यात बसून नोंद ठेवली म्हणून जगाला विंचवाच्या विषाचा इलाज कळला. घोणस चावून वाचलेल्यांची पुढच्या पाच-दहा वर्षांची वही आपल्यापैकी फारच थोड्यांनी ठेवली. माझ्याकडेही ती नव्हती.

आता सोडियमकडे. पिट्युटरीचा पुढचा भाग मेला की ॲड्रिनलला हुकूम जात नाही आणि कॉर्टिसॉल बनत नाही. कॉर्टिसॉलचं एक कमी माहीत असलेलं काम म्हणजे एडीएचला लगाम घालणं. तो लगाम सुटला की पाणी साठतं आणि सोडियम घसरतं. इथे अल्डोस्टेरॉन मात्र बरंचसं शाबूत असतं, कारण त्याचा मुख्य हुकूम किडनीकडून येतो, पिट्युटरीकडून नाही. म्हणून या रुग्णांत पोटॅशियम चढत नाही, आणि कातडी काळवंडण्याऐवजी फिकट पडते. अ‍ॅडिसनच्या अगदी उलट. चेहरा निस्तेज, पांढुरका. लोक म्हणतात, "रक्त कमी आहे," आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात.

अजून एक फसवी जागा आहे. थायरॉइडची तपासणी म्हणून बऱ्याचदा फक्त टीएसएच करतात. पण टीएसएच बनतं पिट्युटरीतच. ती मेली असेल तर टीएसएच वाढणार कसं? रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि सोबत फ्री टी-फोर पाहिलं तर ते तळाला गेलेलं असतं. माझ्या बाईंच्या फाईलमध्ये असे दोन 'नॉर्मल' रिपोर्ट होते. आम्ही सकाळी आठचं कॉर्टिसॉल पाहिलं, जवळजवळ नव्हतंच. नागपूरला एमआरआय झाला, त्यात पिट्युटरीची जागा रिकामी दिसली.

अशा वेळी औषधांचा क्रमही जीव वाचवतो किंवा घेतो. आधी स्टेरॉइड द्यायचं, थायरॉइडची गोळी नंतर. उलट केलं तर शरीराची गाडी जोरात पळायला लागते आणि उरलेलंसुरलेलं कॉर्टिसॉल संपून रुग्ण कोसळतो. दुसरी काळजी सोडियम चढण्याच्या वेगाची. १९५९ मध्ये अ‍ॅडम्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या देठातलं आवरण विरघळण्याचा एक आजार वर्णन केला. पुढच्या दोन-अडीच दशकांत कळलं की खाली गेलेलं सोडियम डॉक्टरांनी घाईनं वर आणलं की तो होतो. माणूस शुद्धीवर येतो आणि चार-पाच दिवसांनी बोलणं, गिळणं, हालचाल जाते. म्हणून चोवीस तासांत साधारण आठाच्या वर चढू द्यायचं नाही असा आमचा प्रयत्न असतो. स्टेरॉइड मिळालं की एडीएचला लगाम बसतो, लघवी धो-धो सुरू होते आणि सोडियम आपोआप भराभर चढायला लागतं. त्या रात्री आम्ही दर चार तासांनी रक्त तपासत होतो. नवरा विचारत होता, "आकडा वाढतोय तर तुम्ही घाबरता कशाला?" नातेवाइकांनो, आयसीयूत डॉक्टर सोडियम हळू चढवत असतील तर तो हलगर्जीपणा नसतो.

स्टेरॉइड हा शब्द ऐकून आता कुणीतरी नक्की बिचकलं असेल. इथे फरक समजून घ्या. शरीर जे रोज बनवत होतं तेवढंच, सकाळी उठल्यावर छोट्या मात्रेत परत देणं हा इलाज आहे. गोळी स्वस्त आहे आणि आयुष्यभर घ्यायची आहे. ताप, जुलाब, ऑपरेशन, अपघात अशा वेळी मात्रा दुप्पट-तिप्पट करावी लागते. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शन घ्यायला तडक दवाखान्यात यायचं, "उद्या बघू" म्हणायचं नाही. खिशात किंवा पदराला चिठ्ठी हवी की मला हा आजार आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला जे आपल्याकडे चालतं ते वेगळं. सांधेदुखी, दमा, अंगदुखी यांसाठी कुणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या, आठवड्याला एक 'पावरची सुई', वजन वाढायच्या गोळ्या. यांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. महिनोन्‌महिने बाहेरून मिळत राहिलं की पिट्युटरी आणि ॲड्रिनल झोपी जातात. मग एक दिवस पुड्या संपतात किंवा देणारा गाव सोडतो, आणि माणूस उलट्या, लो बीपी, लो सोडियम घेऊन आमच्याकडे येतो. चेहरा गोल, हातपाय काडीसारखे, कातडीवर निळे डाग. मला सापाचे असे रुग्ण मोजके भेटले. पुड्यांचे मात्र किती भेटले याची मोजदाद नाही. अशी औषधं चालू असतील तर एकदम बंद करू नका, आधी दाखवा. मी रागावत नाही, पुडी सोबत आणा फक्त.

आणि तुमच्या घरात कुणाला पूर्वी घोणस चावली असेल, विशेषतः तेव्हा लघवी बंद झाली असेल, डायलिसिस लागलं असेल, आणि आता थकवा, थंडी वाजणं, पाळी बंद होणं, पुरुषांत दाढीची वाढ आणि इच्छा कमी होणं, वारंवार लो बीपी, लो शुगर किंवा लो सोडियम यांतलं काही असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की साप चावला होता. दहा वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा. बाळंतपणात खूप रक्त गेलं असेल तर तेही. सकाळचं कॉर्टिसॉल आणि फ्री टी-फोर या दोन तपासण्यांनी सुरुवात होते.

बाई आता दर तीन महिन्यांनी येतात. शाल गेली. गेल्या हंगामात पुन्हा वेचणीला जायला लागल्या. मी बूट घालायला सांगितलं तर हसल्या, "सायेब, बूट घालून कापूस कोन येचते?" तरी गुडघ्याएवढे गमबूट घेतले आहेत असं नवऱ्यानं सांगितलं, घालतात की नाही ते मला माहीत नाही. माझ्या केसपेपरवर मात्र 'बीपी, शुगर, ऑपरेशन' यांच्या खाली आता आणखी दोन ओळी छापून घेतल्या आहेत. साप चावला होता का, कधी? बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का?